करमत नाही म्हणजे नेमकं काय?



सोयाबीनची रास झाली, दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले, की शिरूर अनंतपाळसारख्या गावांतून दरवर्षी काही म्हातारी माणसं बोचकी बांधून निघतात. मुलगा पुण्याला नाही तर पिंपरी-चिंचवडला नोकरीला, सूनही नोकरी करणारी, नातवंडं शाळेत. इकडे घरात दोघंच, किंवा दोघांतलं एक गेलेलं. "आता इथं कोण आहे तुमचं? चला आमच्याकडे," असं मुलगा म्हणतो. दाराला कुलूप लागतं, शेजारणीकडे किल्ली जाते आणि गाडी लातूरच्या रस्त्याला लागते. यात कुणाच्याही मनात वाईट नसतं. उलट मुलाला वाटतं, आईनं जन्मभर कष्ट केले, आता चार दिवस सुखाचे मिळू देत.

मग दोन-तीन महिन्यांनी सुनेच्या लक्षात येतं, की आत्याबाई काही वेगळ्याच वागायला लागल्या आहेत. जेवण कमी झालं. पहाटे तीनलाच उठून बसतात. कधी पोटात गोळा येतो, कधी डोकं जड होतं, कधी पाय ओढतात. दवाखाना झाला, रक्त-लघवी तपासून झाली, सगळं ठीक निघालं. "काय होतंय हो तुम्हाला?" विचारलं तर एकच उत्तर : "काय नाही गं. करमंना गेलंय."

सून मनातून दुखावते. पंखा आहे, टीव्ही आहे, आयतं ताट समोर येतं, मग करमत का नाही? माझ्यात काय कमी आहे? आणि गावाकडच्या नणंदेचा फोन आला, की तिच्या आवाजात एक न विचारलेला प्रश्न असतोच : "वहिनी, आईला नीट बघताय ना?"

तुमच्यापैकी कितीतरी जणी या गोष्टीत दोन्हीकडून आहात. इथे सून म्हणून आणि माहेरी लेक म्हणून. म्हणून आजचं हे सदर या एका शब्दासाठी : करमत नाही.

काय सुटलं, ते आधी बघा

गाव सुटलं म्हणजे नुसतं घर सुटलं नाही. आत्याबाईंचा दिवस कसा जायचा ते आठवा. सकाळी अंगणात सडा, मग दारावरून जाणारी प्रत्येक बाई दोन शब्द बोलून जायची. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाची सोयरीक जमली, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. कुणाच्या पोराला दृष्ट लागली तर मीठ-मोहरी घेऊन त्यांनाच बोलावणं यायचं. गावात त्यांना नाव होतं, मान होता, काम होतं. पुण्याच्या चौथ्या मजल्यावर त्या "अमक्याची आई" झाल्या. समोरचं दार दिवसभर बंद. लिफ्टची भीती. खाली उतरलं तर परतताना आपली इमारत कोणती ते कळत नाही, कारण सगळ्या सारख्याच.

मामंजींचं दुखणं निराळं. त्यांचा दिवस पारावर आणि चहाच्या हॉटेलात जायचा. लातूरच्या आडतीत तुरीचा भाव काय निघाला, घरणीच्या नाहीतर साकोळच्या तलावात पाणी किती, यावर त्यांचं मत विचारलं जायचं. इथे त्यांना कुणी काही विचारत नाही. वर्तमानपत्र वाचून झालं, की अकरा वाजतात आणि पुढे अख्खा दिवस.

भाषेचाही सल असतो. मराठी तीच, पण आपल्याकडचं "कामून", "लई", "व्हय" ऐकून नातवंडं हसतात. पोरांचं हसणं निर्मळ असतं, पण दोन-तीनदा असं झालं, की म्हातारं माणूस बोलायचं थांबतं. घरात हे होत असेल तर पहिल्यांदा ते बंद करा. मुलांना सांगा, की आजीचे शब्द हे आपल्या घरचे शब्द आहेत. हवं तर वहीत लिहून ठेवायला लावा. आजीला विचारून विचारून लिहितील, तेवढंच तिचं बोलणं सुरू राहील.

आणखी दोन गोष्टी आपल्या भागाच्या म्हणून सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. ज्यांनी ती पहाट बघितली, ती माणसं आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना उंच इमारतीत झोप लागत नसेल, रात्री दाराला कडी लावू देत नसतील, पलंग सोडून दाराजवळ अंथरूण घालत असतील, तर त्याला खुळेपणा म्हणू नका. अंथरूण दाराजवळच घाला. जिना कुठे आहे ते दिवसा दोनदा चालून दाखवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. ज्या बाईनं जन्मभर घागरी मोजून संसार केला, ती नळ सुरू दिसला की घरातली सगळी भांडी भरून ठेवणारच. न्हाणीघरात पाच बादल्या भरलेल्या दिसल्या म्हणून चिडण्याआधी एवढं आठवा.

किल्लारीनंतर दुसरा धडाही मिळाला. बावन्न गावं नव्या जागी पूर्णपणे वसवली गेली. घरं मजबूत झाली, रस्ते रुंद झाले. पण जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लागून राहणारी माणसं दूरदूर झाली. घर मिळालं, तरी शेजार मिळायला वेळ लागतो. तुमच्या फ्लॅटचंही तसंच आहे.

मनाचं दुखणं अंगात का येतं?

आत्याबाई "मला वाईट वाटतंय" असं म्हणत नाहीत; त्या "पोटात गोळा येतो" म्हणतात. हे ढोंग नव्हे. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. आर्थर क्लाइनमन नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली चीनमधल्या चांगशा शहरात शंभर रुग्ण तपासले. हे सगळे "नसांचा अशक्तपणा" या नावाखाली उपचार घेत होते. डोकेदुखी, निद्रानाश, थकवा अशा त्यांच्या तक्रारी. नीट विचारपूस केल्यावर शंभरातल्या सत्याऐंशी जणांना नैराश्याचा आजार निघाला. मन दुखतंय असं सांगण्याची जिथे रीत नसते, तिथे अंग बोलतं. आपल्याकडच्या मागच्या पिढीच्या बायकांना तर स्वतःच्या मनाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी मात्र पोट विचारलं होतं, गुडघे विचारले होते.

चिनी म्हाताऱ्यांची आणखी एक गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९६५ साली अमेरिकेचा कायदा बदलला आणि पुढे तिथे स्थायिक झालेल्या मुलांनी आपल्या वयस्कर आई-वडिलांना बोलावून घेतलं. भाषा येत नाही, गाडी चालवता येत नाही, मुलगा-सून दिवसभर कामावर. आपल्यातल्या ज्यांचे आई-वडील सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलीच्या बाळंतपणाला जाऊन आले, त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या चिनी वस्तीत १९७१ साली "ऑन लोक" नावाची संस्था सुरू झाली. चिनी बोलीत त्याचा अर्थ शांत, आनंदी घर. १९७३ पासून तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसाचं केंद्र चालू लागलं. रात्री आपल्या घरी, दिवसा केंद्रात. तिथे आपल्या चवीचं जेवण, आपली भाषा बोलणारी माणसं आणि डॉक्टरही तिथेच. पुढे साऱ्या अमेरिकेत हा नमुना उचलला गेला.

आपल्याला एवढी मोठी संस्था काढायची नाही. त्यातलं सार तेवढं घ्यायचं : दिवसातून एकदा घराबाहेर जायला ठिकाण हवं, आपल्या बोलीचं माणूस हवं आणि आपल्या चवीचा घास हवा.

घरात काय करता येईल?

पहिलं म्हणजे, गावाकडचं घर लगेच विकू नका, भाड्यानेही देऊ नका. निदान एक वर्ष थांबा. विजेचं बिल भरत राहा, चार भांडी तिथेच ठेवा. परत जाता येतं एवढं माहीत असलं, की माणूस इथे निवांत बसू शकतं.

दुसरं, काम द्या, पण खोटं काम नको. "बसल्या बसल्या एवढी लसूण सोला" यात मान नसतो. संध्याकाळची भाकरी, वर्षाचं काळं तिखट, येसर, शेंगदाण्याची चटणी, यातलं एखादं खातं पूर्ण त्यांच्याकडे सोपवा. स्वयंपाकघर एक आणि बायका दोन, म्हणजे कुरबूर होणारच. म्हणून वाटणी स्पष्ट असावी. एक फळी त्यांची, एक वेळ त्यांची. त्यात आपण मीठही चाखायचं नाही. गॅसची शेगडी मात्र चार दिवस शेजारी उभं राहून शिकवा. चुलीची सवय असलेल्या हाताला शेगडीची आच मोठी करून ठेवायची खोड असते.

तिसरं, हातात पैसा असू द्या. शेत बटईनं दिलं असेल तर त्याचे पैसे त्यांच्याच खात्यात जावेत. नातवाला खाऊ घेताना मुलापुढे हात पसरावा लागला, की जगण्यातला आबच जातो.

चौथं, माणसं शोधा. तुमच्या सोसायटीत लातूर, धाराशिव, नांदेडकडचं एक तरी घर असणारच. वॉचमनला, कामाच्या बाईला विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं. आपल्या बोलीत बोलणारी एक शेजारीण मिळाली तर टीव्हीच्या दहा वाहिन्यांचं काम ती एकटी करते. मंदिरातला हरिपाठ, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, यांतलं एक ठिकाण पक्कं करा आणि पहिले आठ दिवस स्वतः सोडायला जा. "खाली जाऊन बसत जा ना," एवढं म्हटल्यानं कुणी जात नाही. आपण तरी अनोळखी लग्नात एकटं जातो का?

पाचवं, सण त्यांच्या पंचांगानं करा. पुण्यात मार्गशीर्ष अमावास्येला काहीच नसतं. आपल्याकडे त्या दिवशी येळवस. शिवारात कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले पांडव, सगळ्या पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, बिंदगीतली आंबील आणि जेवायला ओळखीचा-अनोळखी सगळा गाव. दिवाळीनंतर आलेल्या माणसाला पहिला मोठा चटका याच दिवशी बसतो, आणि घरात कुणाच्या ते ध्यानातही नसतं. जमलं तर त्या दिवशी गावीच न्या. राज्य परिवहनच्या एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाला निम्मं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बायकांना तर कोणत्याही वयात निम्मं. जाणं जमलं नाही तर घरीच भज्जी-आंबील करा आणि मजल्यावरच्या चार बायकांना जेवायला बोलवा. वाढायला आत्याबाईंना उभं करा. त्या दिवशी त्या पुन्हा यजमानीण असतील.

आणि सहावं, जे आपण बायका नेहमी विसरतो : हे सगळं सुनेनं एकटीनंच करायचं नाही. आई त्यांची आहे. मुलानं कामावरून आल्यावर मोबाइल बाजूला ठेवून वीस मिनिटं आईजवळ बसावं. आईला डॉक्टरकडे त्यानं न्यावं. नणंदेनंही फोनवर चौकशा करण्यापेक्षा वर्षातले दोन महिने आईला आपल्याकडे न्यावं, किंवा गावी येऊन तिच्याबरोबर राहावं. नोकरी, मुलांचा अभ्यास आणि वर म्हातारं माणूस, यात तुमचीही झोप उडाली असेल, कारण नसताना रडू येत असेल, तर तेही दुखणंच आहे. तेही घरात उघडपणे बोला.

करमत नाही आणि आजार, यात फरक कुठे?

नव्या जागी पहिले काही आठवडे करमत नाहीच. पण असं माणूस नातू शाळेतून आला की हसतं, गावाकडचा फोन आला की खुलतं, आवडीचं केलं तर दोन घास जास्त खातं. हे करमत नसणं दिवसागणिक उतरत जातं.

आजार असतो तेव्हा उतार दिसत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन उदास किंवा कशातच रस नाही. भूक गेली, वजन उतरलं. पहाटे लवकर जाग येते आणि सकाळच सगळ्यात जड जाते. देवपूजा सुटली, अंघोळीचा कंटाळा. "मी तुमच्यावर ओझं झाले" हे पुन्हा पुन्हा. नातू आला तरी चेहरा हलत नाही. असं असेल तर समजूत घालत बसू नका, डॉक्टर गाठा.

आधी शरीर तपासून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ब-१२ जीवनसत्त्व. शाकाहारी म्हाताऱ्या माणसांत हे जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी निघतं आणि त्यानं मरगळ येते, विसरायला होतं. कान तपासा. ऐकू कमी आलं, की माणूस बोलण्यातून आपोआप बाजूला पडतं आणि आपण म्हणतो, आताशा त्या बोलतच नाहीत. मोतीबिंदू बघा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. विसराळूपणा आला म्हणजे वेडच लागलं असं समजू नका. वयस्कर माणसाचं नैराश्य कधी कधी विसरण्याचं रूप घेऊन येतं आणि उपचारानं ते विसरणं कमीही होतं. पण माणूस एक-दोन दिवसांत एकदम बरळायला लागलं, दिवस-रात्र उलटीपालटी झाली, तर ते मनाचं नसून जंतुसंसर्ग, साखर किंवा क्षार कमी-जास्त झाल्याचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना.

नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते ही भीती काढून टाका. गुण यायला दोन ते चार आठवडे, वयस्कर माणसांत कधी त्याहून जास्त लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंदही करू नका. झोपेच्या गोळ्या मात्र औषधाच्या दुकानातून परस्पर आणून देऊ नका. त्यानं म्हातारी माणसं रात्री उठताना पडतात, खुबा मोडतो आणि सगळंच अवघड होऊन बसतं.

"देवानं आता उचलावं" हे वाक्य आपल्या घरांतून सहज बोललं जातं. पण उदासीच्या या लक्षणांसोबत ते आलं तर हसण्यावारी नेऊ नका. शांतपणे जवळ बसून विचारा : "आत्याबाई, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनातलं ओझं बाहेर यायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर त्यांना एकटं ठेवू नका, गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात घ्या आणि लगेच मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. पुण्यात ससून रुग्णालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक २०२२ पासून चालू आहे, तिथे रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं, मराठीतही. ज्येष्ठ नागरिकांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा निराळा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवून ठेवा.

परत जायचं म्हणाल्या तर?

सगळं करूनही काही माणसं सांगतात, "मला शिरूरला नेऊन सोडा." त्यात सुनेचा पराभव नाही आणि मुलाची अब्रूही जात नाही. माणूस शुद्धीत, विचार करून बोलत असेल तर त्याचं ऐकावं. मात्र सोडून देणं वेगळं आणि सोय लावून सोडणं वेगळं. जेवणाचं कोण बघणार, दर महिन्याच्या गोळ्या कोण आणणार, रात्री हाक मारली तर कोण येणार आणि मुलगा कोणत्या तारखेला येणार, ही चार उत्तरं तयार असतील तरच न्या. काही घरांनी मधला मार्ग काढला आहे : पावसाळा आणि सणवार गावी, उन्हाळा पुण्याला. दोन घरांत पाय ठेवून राहणंही चांगलं असू शकतं. नैराश्याचा आजार अंगावर असताना मात्र जाण्याचा किंवा घर विकण्याचा, कोणताच मोठा निर्णय घेऊ नका. आधी उपचार, मग निर्णय.

आज रात्री जेवणं झाल्यावर भांडी थोडा वेळ तशीच राहू द्या. आत्याबाईंच्या शेजारी खाली बसा आणि "बरं आहे ना?" असं विचारू नका, कारण त्याला "हो" एवढंच उत्तर असतं. विचारा, "गावाकडं असता तर आत्ता काय करत असता?" आणि मग त्या सांगतील ते, कितीही लांबलं तरी, ऐकून घ्या. त्यातच तुम्हाला कळेल, की त्यांना इथे नेमकं काय कमी पडतंय आणि त्यातलं कोणतं आपल्याला उद्या सकाळी देता येईल.